युद्धात जखमींना उचलून आणणारे हेलिकॉप्टर पायलट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात आणि संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसतात. त्यांच्यात बसलं की एक गोष्ट हटकून निघते. व्हिएतनामच्या युद्धात गोळ्यांच्या पावसात पुन्हा पुन्हा हेलिकॉप्टर उतरवून जखमींना बाहेर काढणाऱ्या पायलटची ती गोष्ट असते. कुणाच्या तरी मोबाइलवर ती आलेली असते, आणि मग प्रश्न सुरू होतात. पोरं विचारतात, पोरांचे बाप विचारतात, ओट्यावर टेकलेल्या आज्याही विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही जसे विचारले गेले तसेच ठेवले आहेत.

ही गोष्ट नेमकी कोणाची आणि कुठली?

दोन माणसांची. मेजर ब्रूस क्रँडॉल आणि कॅप्टन एड फ्रीमन, दोघेही अमेरिकी सैन्यातले हेलिकॉप्टर पायलट. तारीख १४ नोव्हेंबर १९६५, जागा दक्षिण व्हिएतनाममधलं इया द्रांग खोरं.

लेफ्टनंट कर्नल हॅल मूर यांची सुमारे साडेचारशे जवानांची बटालियन त्या दिवशी जंगलातल्या एका मोकळ्या जागेत उतरवायची होती. नकाशावर त्या जागेला 'एक्स-रे' असं नाव दिलेलं होतं. शेजारीच चू पाँगचा डोंगर, आणि त्या डोंगरात उत्तर व्हिएतनामचं सैन्य मोठ्या संख्येनं दबा धरून बसलेलं. हेलिकॉप्टरं होती सोळा. एका खेपेत सगळे जवान मावणारे नव्हते, म्हणून जवान टाकायचे, परतायचं, पुन्हा भरून आणायचे, असं चाललं होतं. सकाळच्या खेपा नीट पार पडल्या. चौथ्या खेपेला गोळ्या यायला लागल्या. पाचव्या खेपेला क्रँडॉल पहिली आठ हेलिकॉप्टरं घेऊन उतरले, तेव्हा मारा इतका वाढला होता की खालच्या कमांडरनं मागच्या आठ हेलिकॉप्टरांना न उतरताच परत फिरायला सांगितलं.

आता जमिनीवरच्या जवानांचा विचार करा. तीन बाजूंनी शत्रू, हातातली काडतुसं संपत चाललेली, पिण्याचं पाणी नाही आणि जखमी वाढत चाललेले. बाहेर पडायला रस्ता नाही. जे काही येणार किंवा जाणार, ते वरूनच.

क्रँडॉल प्लेई मेच्या तळावर परतले आणि त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे आपला तळच हलवला. तोफखान्याची 'फाल्कन' नावाची छावणी एक्स-रेला जवळ होती. तिथून उड्डाणं केली तर प्रत्येक खेपेचा वेळ वाचणार होता, आणि वाचलेल्या वेळात आणखी खेपा होणार होत्या. दुसरी गोष्ट, त्यांनी सोबत यायला कोण तयार आहे असं विचारलं. जखमी आणणं हे त्यांच्या तुकडीचं काम नव्हतं, त्यामुळे हुकूम सोडण्याचा प्रश्न नव्हता. फ्रीमन पुढे आले.

मग रात्र पडेपर्यंत दोघांचं जाणं-येणं सुरू राहिलं. क्रँडॉल यांची त्या दिवसाची उड्डाणं २२ भरली. फ्रीमन यांनी जखमींसाठी १४ खेपा केल्या आणि सुमारे ३० गंभीर जखमी बाहेर काढले. दोघांचे मिळून सत्तरच्या आसपास. क्रँडॉल यांना दिवसभरात हेलिकॉप्टर बदलावं लागलं, कारण हाताखालचं गोळ्यांनी चाळणी झालेलं असायचं.

तळ हलवण्याच्या त्या निर्णयापाशी मी पोरांना नेहमी थांबवतो. गोळीबारात शिरणं सगळ्यांना दिसतं. पण त्या गडबडीत डोकं शांत ठेवून "इथून नको, तिथून जाऊ" हे ज्याला सुचलं, त्याच्यामुळे कितीतरी जवान घरी गेले.

जखमींसाठी वेगळी हेलिकॉप्टरं नव्हती का?

होती. पण ज्या जागेवर गोळीबार चालू आहे तिथे त्यांनी उतरायचं नाही, असा दंडक होता, आणि त्या दुपारी एक्स-रे शांत होण्याची काही चिन्हं नव्हती. ती आली नाहीत.

त्या पायलटांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी ते म्हणत नाही. एक हेलिकॉप्टर पडलं तर आतले चौघे जातात, उतरायची जागा अडते आणि पुढच्या सगळ्या जखमींची वाट बंद होते. दंडक त्यासाठीच होता. क्रँडॉल आणि फ्रीमन यांना हे पुरतं ठाऊक होतं, आणि ते जाणून ते गेले. म्हणून त्यांच्या धाडसाला मी आंधळं धाडस म्हणत नाही.

मोबाइलवर येते ते सारं खरं हाय काय?

गाभा खरा आहे. फ्रीमन होते, ते पुन्हा पुन्हा गेले, माणसं वाचली. बाकीच्यात भेसळ आहे. फ्रीमन "गेल्याच आठवड्यात वारले" असं त्यात लिहिलेलं असतं आणि तेच वाक्य वर्षानुवर्षं फिरत राहतं. ते २० ऑगस्ट २००८ रोजी वारले, वयाच्या ८० व्या वर्षी. दुसरं म्हणजे त्या मजकुरात एकट्या फ्रीमन यांचं नाव असतं. ज्यांनी ही कल्पना मांडली आणि स्वतः पुढे होऊन नेतृत्व केलं, ते क्रँडॉल त्यातून पार गळून गेले आहेत. हे मला खटकतं. गोष्ट पुढे पाठवायचीच असेल तर दोन्ही नावं घालून पाठवा.

गोळी लागली तं हेलिकॉप्टर पडत नाही काय?

लागली म्हणजे पडलंच, असं नसतं. कुठे लागली त्यावर ठरतं. ती ह्यूई जातीची हेलिकॉप्टरं होती आणि त्यांचं अंग पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. पत्र्यातून गोळी आरपार गेली तर भोक पडतं आणि हेलिकॉप्टर उडत राहतं. इंजिन बंद पडलं तरी खाली येताना वाऱ्यानं पाती फिरत राहतात आणि कसलेला पायलट त्याच्या जोरावर खाली टेकवू शकतो. मात्र शेपटीचा छोटा पंखा गेला, किंवा स्वतः पायलटलाच गोळी लागली, तर वेळ फार थोडा उरतो.

खरा धोका उतरतानाचा. वेगात उडणाऱ्या हेलिकॉप्टरवर नेम धरणं अवघड, पण उतरायला ते हळू व्हावंच लागतं. एक्स-रेच्या त्या जागेत भोवती झाडं, उंच वाळलेलं गवत आणि मधे मधे माणसाएवढी वारुळं होती. ते सगळं टाळून, शे-दोनशे मीटरवर लढाई चालू असताना, फ्रीमन एका लहानशा जागेत उतरत होते. उतरल्यावर पातं फिरतंच ठेवायचं. मागून काडतुसांच्या पेट्या आणि पाणी उतरवलं जातं, जखमी चढवले जातात. तेवढा वेळ पायलट जागेवर बसून असतो. उजवा हात एका दांडीवर, डावा दुसऱ्या दांडीवर, दोन्ही पाय पेडलवर. जमिनीवरचा जवान गोळी आली की वारुळाआड होतो. पायलटला मान खाली घालायचीही सोय नाही. हात सुटला तर हेलिकॉप्टर कलंडतं.

जाताना रिकामं जायचं नाही आणि येतानाही रिकामं यायचं नाही, असा सगळा हिशेब होता. काडतुसं आत गेली नसती तर जखमी बाहेर काढायला कोणी उरलंच नसतं.

पायलट एकटाच असतो का?

नाही. शेजारी दुसरा पायलट असतो, मागे यंत्राची काळजी घेणारा क्रू चीफ आणि बंदूक चालवणारा एक गनर. जखमीला काखेत हात घालून आत ओढणारे हात त्यांचे. नावं मात्र पायलटांचीच राहतात. ह्याचं वाईट वाटतं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

उन्हाळ्यात हेलिकॉप्टर कमी वजन उचलते, हे खरं काय?

खरं, आणि विदर्भातल्या माणसाला हे लवकर पटतं. पातं हवेला खाली ढकलतं तेव्हा हेलिकॉप्टर वर उठतं. हवा तापली की विरळ होते. हिवाळ्याच्या सकाळी पारा १५ अंशांवर असताना हवा जेवढी दाट असते, त्याहून चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यातल्या ४७ अंशांत ती जवळपास दहा टक्क्यांनी विरळ होते. पात्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही उतरतो. ओल्या काळ्या मातीतून भरली बंडी काढताना बैलांचं जे होतं, ते इंजिनाचं होतं. पाय उचलतो, पण जोर निम्मा चिखलात जातो.

म्हणून जखमी उचलणाऱ्या पायलटला मनातल्या मनात सतत वजनाचा हिशेब करावा लागतो. टाकीत इंधन किती, माणसं किती, सामान किती, आणि समोरच्या झाडांवरून पार व्हायचं आहे की नाही. "आणखी एक घेऊ का?" ह्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर आतले सगळेच जातात. खाली कोणी हात वर करून विव्हळत असताना हा हिशेब करायचा असतो. ह्याला जे काळीज लागतं त्याची चर्चा फार कमी होते.

डोंगरात उंचीमुळे तेच होतं. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो.

आपल्या सैन्यात असं कोणी केलं आहे का?

केलं आहे आणि आजही करतात. आपल्याकडे ह्या कामाचं नाव 'चीता'. फ्रेंच 'लामा' हेलिकॉप्टरवरून हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बनवलेलं, एका इंजिनाचं, लहानसं. ह्याच लामानं १९७२ साली १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. एप्रिल १९८४ मध्ये सियाचीनवर ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या चौक्यांवर रॉकेल, औषधं आणि शिधा पोहोचवणं आणि हिमदंश झालेले, जखमी झालेले जवान खाली आणणं ह्यांतला मोठा वाटा चीतानं उचलला. तिथली हेलिपॅड म्हणजे बर्फात सपाट केलेला तुकडा. इंजिन बंद करण्याची सोय नाही, कारण त्या थंडीत आणि त्या उंचीवर ते पुन्हा सुरू होईल ह्याची खात्री नसते. टेकायचं, द्यायचं, घ्यायचं आणि निघायचं.

कारगिल १९९९. वायुसेनेच्या मोहिमेचं नाव सफेद सागर, हल्ले २६ मेपासून सुरू झाले. २८ मे रोजी तोलोलिंग शिखराजवळ आपलं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्रानं पाडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू, चौघेही शहीद झाले. त्यांच्या हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर्स नव्हते. ह्यानंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून मागे घेतले गेले.

चीता मात्र मागे घेता येणार नव्हते, कारण जखमी वर होते. ज्या दऱ्यांच्या काठावर क्षेपणास्त्रं घेऊन माणसं बसलेली, त्याच दऱ्यांतून बिनहत्यारी चीता जात राहिले. फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना आणि फ्लाइट लेफ्टनंट श्रीविद्या राजन ह्या दोघींनी त्या काळात चीता उडवले. युद्धक्षेत्रात उड्डाण करणाऱ्या आपल्या वायुसेनेतल्या त्या पहिल्या महिला. पोरींच्या गटात मी सुरुवात ह्या दोन नावांपासून करतो, व्हिएतनाम नंतर येतं.

जगात पहिल्यांदा असं कधी झालं?

एप्रिल १९४४, ब्रह्मदेशच्या जंगलात, आणि त्या मोहिमेची सुरुवात आपल्या आसाममधल्या लालाघाटच्या धावपट्टीवरून झाली. जपान्यांच्या प्रदेशात एक लहान विमान उतरावं लागलं. आत एक अमेरिकी पायलट आणि तीन आजारी-जखमी ब्रिटिश जवान. लेफ्टनंट कार्टर हार्मन सिकोर्स्की कंपनीचं नवंकोरं आर-४ हेलिकॉप्टर घेऊन निघाले. त्याच्या इंजिनाची ताकद दोनशे अश्वशक्तीहून कमी, म्हणजे पायलटशिवाय एकच माणूस बसणार. ब्रह्मदेशातल्या उकाड्यात इंजिन तापून बसायचं. २५ आणि २६ एप्रिलला एकेक करत त्यांनी चौघांनाही आणलं. एका वेळी एक. युद्धात शत्रूच्या हद्दीतून हेलिकॉप्टरनं केलेली ही पहिली सुटका.

त्याहिले भेव नाही वाटत काय?

वाटतं. न वाटणारा माणूस मी तरी ह्या हेलिकॉप्टरात बसवणार नाही, कारण तो वजनाचा हिशेब करणार नाही.

मेजर चार्ल्स केली ह्यांचं सांगतो. व्हिएतनाममध्ये जखमी उचलणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या तुकडीचे ते प्रमुख होते. १ जुलै १९६४ रोजी ते जखमींसाठी उतरले तेव्हा मारा सुरू होता. खालून रेडिओवर त्यांना निघून जायला सांगितलं. त्यांचं उत्तर होतं, "तुमचे जखमी माझ्याकडे आले की." काही क्षणांत गोळी लागून ते गेले. त्यानंतर त्यांच्या मागच्या पायलटांमध्ये जखमी टाकून परतायचं नाही, ही रीतच पडली. आधी त्यांच्याच तुकडीत काम केलेले पायलट पॅट्रिक ब्रॅडी ह्यांनी ६ जानेवारी १९६८ रोजी धुक्यात आणि गोळीबारात, एकामागून एक तीन हेलिकॉप्टरं वापरून ५१ जखमी बाहेर काढले.

फक्त आपल्याच सैनिकांना वाचवणं म्हणजे शौर्य का?

हा प्रश्न एका आजीनं विचारला होता, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

१६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाई गाव. अमेरिकी जवानांनी तिथल्या नि:शस्त्र माणसांना, बायकांना, लेकरांना ठार मारायला सुरुवात केली होती. वरून छोट्या टेहळणी हेलिकॉप्टरात वॉरंट ऑफिसर ह्यू थॉम्पसन होते, सोबत ग्लेन आंद्रेओत्ता आणि लॉरेन्स कोलबर्न. काय चाललंय हे लक्षात आल्यावर थॉम्पसन ह्यांनी हेलिकॉप्टर गावकरी आणि आपलेच जवान ह्यांच्या मधे उतरवलं. जवानांनी ह्या लोकांवर गोळी चालवली तर त्यांच्यावर बंदूक रोखा, असं त्यांनी सोबत्यांना सांगितलं आणि स्वतः खंदकातल्या लोकांना बाहेर बोलावलं. आपलं हेलिकॉप्टर लहान, म्हणून रेडिओवरून मोठी हेलिकॉप्टरं बोलावून त्यांतून लोकांना हलवलं. परतताना प्रेतांनी भरलेल्या एका चरात हालचाल दिसली. आंद्रेओत्ता त्यात उतरले आणि एका जिवंत लेकराला घेऊन वर आले. त्याला त्यांनी इस्पितळात पोहोचवलं. थॉम्पसन ह्यांनी वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारीनंतर गोळीबार थांबवण्याचा हुकूम निघाला.

पुढे वर्षानुवर्षं त्यांना आपल्याच देशात गद्दार म्हणून हिणवलं गेलं. तिघांना पदक मिळालं १९९८ साली. आंद्रेओत्ता तर त्या घटनेनंतर महिन्याभरातच लढाईत गेले होते. शत्रूच्या गोळीसमोर उभं राहायला छाती लागते, आपल्याच माणसांसमोर उभं राहायला त्याहून मोठी लागते, असं माझं मत आहे.

क्रँडॉल आणि फ्रीमन ह्यांना पदक कधी मिळालं?

फार उशिरा. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, फ्रीमन ह्यांना १६ जुलै २००१ रोजी आणि क्रँडॉल ह्यांना २६ फेब्रुवारी २००७ रोजी. शिफारशीला दोन वर्षांची मुदत होती आणि ती उलटून गेली होती. मुदतीची अट १९९५ मध्ये शिथिल झाली. दरम्यान फ्रीमन सैन्यातून निवृत्त होऊन आयडाहो राज्यात हेलिकॉप्टर उडवत होते, वणवे विझवायला आणि रानटी घोडे हाकायला.

आमच्या भागात हेलिकॉप्टर उतरलं तर काय काळजी घ्यायची?

हे नुसतं कुतूहल नाही. गडचिरोलीत चकमकीत जखमी झालेले पोलीस हेलिकॉप्टरनं नागपूरला आणले जातात, निवडणुकीची पथकं दुर्गम केंद्रांवर हेलिकॉप्टरनं जातात, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. जिथे माणसाला बाजेवर टाकून न्यावं लागतं, तिथे ही माहिती असावी.

वावर सपाट आणि कोरडं हवं. वरून गेलेल्या मोटारपंपाच्या तारा पायलटला दिसत नाहीत, त्या आधी सांगा. कुटाराचा ढीग, पऱ्हाटीच्या काड्या, ताडपत्री, सुटी टिनं जवळ असतील तर हलवा किंवा वजन ठेवा. पात्याच्या वाऱ्यानं ती उडतात आणि इंजिनात किंवा माणसाच्या अंगावर जातात. डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घट्ट धरा. लेकरं आणि गुरं दूर. पायलटनं खूण केल्याशिवाय जवळ जायचं नाही, आणि जायचं ते समोरून, तो आपल्याला पाहील असं, वाकून. मागून कधीच नाही, कारण शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही. धुऱ्याच्या उतारावर उतरलं असेल तर चढाच्या बाजूनं जाऊ नका, तिकडे पातं जमिनीच्या जवळ येतं. सलाइनची बाटली उंच धरून पळू नका.

खेड्यातल्या पोरा-पोरींना हे करता येतं का?

येतं. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स ठेवा, ही पहिली अट. बारावीनंतर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा, वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान. पदवीनंतर तिन्ही दलांच्या अधिकारी भरतीची सीडीएस परीक्षा किंवा वायुसेनेची एएफकॅट. मुलींना एनडीएचं दार उघडलं, त्यांची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये बाहेर पडली. मुलांसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, दहावीनंतर तिथे प्रवेशपरीक्षा असते.

सैन्यदलाचे हेलिकॉप्टर पायलट जिथे तयार होतात ती शाळा आपल्याच राज्यात, नाशिकला आहे. कॅप्टन अभिलाषा बराक मे २०२२ मध्ये तिथूनच आर्मी एव्हिएशनच्या, म्हणजे सैन्याच्या हवाई शाखेच्या, पहिल्या महिला लढाऊ पायलट म्हणून बाहेर पडल्या. डोळे सांभाळा, मोबाइल रात्री बाजूला ठेवा, आणि इंग्रजी वाचायला आजच सुरुवात करा. मुलाखतीत आपली पोरं विषयात कमी पडत नाहीत, बोलताना अडखळतात. त्यासाठी वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त इंग्रजी बोलण्याची ठेवली आहे. ज्याला यायचं त्यानं यावं, पैसे लागत नाहीत.